घटक ५ : देहानुभवाचे लेखन – उडत्या रोलर कोस्टरवरील दोन मिनिटे

५.० उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस देहानुभव आणि दृश्यवर्णन यांतील फरक स्पष्ट करता येईल. रूढ वाक्प्रचार एखाद्या विशिष्ट अनुभवास लागू पडतो की नाही, हे तपासता येईल. प्रयोग, विभक्ती व दिशावाचक अव्यये यांच्या निवडीचा अनुभवलेखनावर होणारा परिणाम सांगता येईल. आणि स्वतःच्या अशा एका अनुभवाचे दोन खर्डे तयार करता येतील.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, आजवर आपण स्थळवर्णन आणि व्यक्तिचित्रण यांचा परिचय करून घेतला. त्या दोन्ही प्रकारांत लेखक पाहणारा असतो व वर्ण्य विषय त्याच्यासमोर असतो. प्रस्तुत घटकात आपण ज्या लेखनाचा विचार करणार आहोत, त्यात ही सोय नाही. येथे जे घडते ते लेखकाच्या शरीरातच घडते. ताप चढणे, घाटात एसटीच्या मागच्या बाकावर मळमळणे, प्रसूतिवेदना, पुराच्या पाण्यात पाय सुटणे, हे अनुभव आपल्यापैकी अनेकांनी घेतलेले आहेत. मात्र ते लिहावयास बसल्यावर हाती येतात ती दुसऱ्याच कोणाची तरी वाक्ये.

याचे उदाहरण म्हणून एक काहीसा अपरिचित विषय घेतला आहे. तो मुद्दामच अपरिचित निवडला आहे. परिचित अनुभवासाठी भाषेत शब्द तयार असतात आणि ते आपल्याही नकळत वापरले जातात. अपरिचित अनुभव मात्र त्या तयार शब्दांत सहज मावत नाही. ते कोठे अडतात हे तेथे चटकन दिसते.

५.२ विषयाची ओळख

जत्रेतील आकाशपाळणा आपणांस ठाऊक आहे. खोपोलीजवळील इमॅजिका उद्यानात २०१३ साली सुरू झालेला ‘नायट्रो’ हा रोलर कोस्टरही काहींनी अनुभवला असेल. त्यात पायांखाली तळ नसतो, पाय मोकळे लोंबतात. तरी माणूस खुर्चीवर बसलेला असतो. बसल्यामुळे डोके वर, पाय खाली आणि तोंड प्रवासाच्या दिशेला, अशी रोजची मांडणी निदान आरंभी तरी कायम राहते.

उडत्या रोलर कोस्टरमध्ये ही मांडणीच बदलली आहे. रूळ प्रवाशाच्या पाठीवर असतो आणि त्याखाली प्रवासी पालथा टांगलेला असतो. तोंड जमिनीकडे आणि डोके प्रवासाच्या दिशेला. इंग्लंडमधील मँचेस्टर येथे १९९७ मध्ये अशा तऱ्हेचा एक लहान प्रयोग झाला. २००० साली कॅलिफोर्नियातील सांता क्लारा येथे ‘स्टेल्थ’ हा मोठा कोस्टर आला. त्यात प्रवासी चढ चढताना उताणे असत व माथा ओलांडल्यावर गाडी पिळवटून त्यांना पालथे करी. पुढे बॉलिजर अँड माबियार या स्विस कंपनीने (‘नायट्रो’ही तिचाच आहे) निराळी तोड काढली. प्रवाशाने फलाटावर नेहमीसारखे बसावे, पट्टे आवळले जावेत आणि मग संपूर्ण खुर्ची मागून उचलून त्यास पालथे करावे. या पद्धतीचा तिचा पहिला कोस्टर २००२ साली इंग्लंडमधील ऑल्टन टॉवर्स उद्यानात उभा राहिला.

आपण ज्याचा विचार करणार आहोत तो ‘तात्सू’. हा कोस्टर लॉस एंजेलिसच्या उत्तरेस व्हॅलेन्शिया येथील सिक्स फ्लॅग्ज मॅजिक माउंटन या उद्यानात २००६ साली सुरू झाला. ‘तात्सू’ हा ड्रॅगनसाठीचा जपानी शब्द. उंची सुमारे ५२ मीटर, वेग ताशी १०० किलोमीटरपर्यंत, मार्गाची लांबी सुमारे १,१०० मीटर. एका रांगेत चौघे. तो सपाट जमिनीवर नसून टेकडीच्या उतारावर बांधलेला आहे. त्यामुळे प्रवाशाच्या तोंडाखालची जमीन कधी जवळ येते, तर कधी एकदम खोल जाते. प्रवासाच्या उत्तरार्धात सुमारे ३८ मीटर उंचीचा एक उलटा वळसा आहे. प्रेट्झेल नावाच्या पिळाच्या पावाशी त्याच्या आकाराचे साम्य असल्याने त्यास प्रेट्झेल वळसा म्हणतात. तेथे प्रवासी डोक्याच्या दिशेने सरळ खाली जातो, तळाशी उताणा होतो आणि पुन्हा वर चढून पालथा होतो.

५.३ दोन खर्डे

पुढील दोन्ही खर्डे या घटकासाठी, एका निवृत्त शिक्षिकेच्या भूमिकेतून, रचले आहेत. ही शिक्षिका मुलाकडे अमेरिकेत गेली असता ‘तात्सू’मध्ये बसली, अशी कल्पना आहे. प्रथम पहिला खर्डा वाचा.

‘तात्सूमध्ये बसण्याचा अनुभव खरोखरच अविस्मरणीय होता! गाडी सुरू होताच माझ्या काळजाचा ठोका चुकला. पायाखालची जमीन सरकली. जीव मुठीत धरून मी बसले होते. क्षणार्धात आम्ही पक्ष्यांप्रमाणे आकाशात झेपावलो. खाली हिरवीगार झाडे, वर निळेशार आकाश, दूरवर पसरलेल्या डोंगररांगा असे ते नयनरम्य दृश्य पाहून डोळ्यांचे पारणे फिटले. मोठ्या वळशात तर मी आकाश डोळे भरून पाहिले. भीती कुठल्या कुठे पळाली. शब्दांत सांगता येणार नाही असा तो अनुभव होता.’

या खर्ड्यात व्याकरणाची चूक नाही. परीक्षेत यास गुणही मिळतील. आता दुसरा खर्डा वाचा.

‘चष्मा आधीच कप्प्यात ठेवावा लागला. त्यामुळे पुढचे सगळे मला थोडे पुसट दिसले, हे सांगून ठेवते.

खुर्ची साधीच वाटली. पाय लोंबत होते. खांद्यांवरून जाकिटासारखा जाड पट्टा छातीवर आला, घोट्यांशी काहीतरी येऊन चिकटले. मग खुर्ची मागून उचलली गेली. मला वाटले होते, मी आडवी होईन. प्रत्यक्षात मी होते तशीच आहे आणि फलाटच उभा होऊन तोंडासमोर आला, असे वाटले. सगळे वजन छातीवरच्या पट्ट्यावर आले. मी पडले नव्हते. पण पडता पडता कोणीतरी झेलावे तसे मला पकडून ठेवले होते. हातांचे काय करायचे ते कळेना. शेजारी मुलाचे हात पसरलेले होते. मी पट्ट्याच्या कडा धरल्या.

चढावर साखळीचा आवाज येत होता. खाली वाळलेले गवत, पायवाट, तिच्यावरून जाणाऱ्या माणसांची डोकी. माणसांची डोकी अशी वरून मी फक्त आमच्या वाड्याच्या गच्चीवरून, विसर्जनाच्या मिरवणुकीत पाहिली होती. तेव्हा गच्चीला कठडा होता.

माथ्यावर आवाज थांबला आणि डोके आधी गेले. लहानपणी मामाच्या विहिरीत भाऊ सूर मारायचे. मी मुटका मारायची, कारण पाय आधी गेले की धीर राहतो. इथे मुटक्याची सोय नव्हती. पोटात गोळा आला असे लिहिणार होते, पण तो नेहमीच्या जागी नव्हता. तो पाठीकडे, कमरेच्या जरा वर आला.

मोठा वळसा येणार, हे मुलाने सांगून ठेवले होते. “आई, आता आकाश दिसेल, डोळे उघडे ठेव.” मी डोळे मिटले. त्यानंतरचे मी पाहिलेले नाही. डोके खाली गेले आणि छातीवर काहीतरी बसले. सगळीकडून सारखेच जड. लहानपणी गाद्यांच्या चवडीखाली लपल्यावर व्हायचे तसे. श्वास बाहेर गेला, आत घेता येईना. पापण्या आतून लाल झाल्या, म्हणजे ऊन तोंडावर आले असणार, म्हणजे तोंड आकाशाकडे असणार. मग जडपणा उतरला.

खाली आल्यावर मुलाने विचारले, “दिसलं ना आकाश?” मी हो म्हटले. पहिल्या खर्ड्यातही तेच लिहिले.’

स्वयं-अध्ययन प्रश्न १ : दुसरा खर्डा वाचताना आपले शरीर कोठे आखडले? ते वाक्य अधोरेखित करा. पुढील विवेचन त्यानंतरच वाचा.

५.४ विवेचन

५.४.१ ‘पुढे’ म्हणजे कोठे?

मराठीतील दिशावाचक शब्द पाहा : पायाखाली, डोक्यावर, पाठीमागे, तोंडासमोर. आपण अवकाश मोजतो ते अवयवांनी. या मोजमापात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे माणूस उभा आहे. उभ्या माणसाची पावले जमिनीकडे असतात, म्हणून ‘पायाखाली’ आणि ‘जमिनीवर’ यांत फरक करण्याची गरज पडत नाही. तो तोंडाच्या दिशेने चालतो, म्हणून ‘समोर’ आणि ‘पुढे’ हे शब्द जणू एकच होऊन जातात.

उडत्या रोलर कोस्टरवर ही जोडी तुटते. तोंडासमोर जमीन आहे, परंतु प्रवास तिकडे होत नाही. प्रवास टाळूच्या दिशेने होतो आणि टाळूला डोळे नाहीत. पायांच्या खाली म्हणजे तळव्यांच्या बाजूला नुकताच मागे पडलेला मार्ग आहे. आता पहिल्या खर्ड्यातील ‘पायाखालची जमीन सरकली’ हे वाक्य पुन्हा वाचा. जमीन पायाखाली नव्हतीच! आणि ‘जीव मुठीत धरून बसले होते’ असे म्हणणारी व्यक्ती त्या क्षणी बसलेलीही नव्हती. दुसऱ्या खर्ड्यात याउलट ‘फलाटच उभा होऊन तोंडासमोर आला’ असे वाक्य येते. वस्तुस्थितीच्या दृष्टीने ते चूक आहे, कारण फलाट हललेला नाही. परंतु देहानुभव म्हणून ते अचूक आहे. लेखिकेने ‘असे वाटले’ म्हणून हा फरक नोंदवूनही ठेवला आहे.

आपल्या आंतरकर्णात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्या डोक्याचे फिरणे टिपतात. त्यांच्याजवळच सूक्ष्म कणांनी भारलेले दोन संवेदनशील भाग असतात. त्यांना डोक्याचा कल आणि सरळ रेषेतील वेगवाढ कळते. हे इंद्रिय एक सांगते, डोळे दुसरेच सांगतात आणि त्वचेवरील दाब तिसरेच सांगतो. अशा वेळी कोण हलले, मी की जमीन, याचा निवाडा काही क्षण लांबतो. त्या विलंबालाच आपण गरगरणे म्हणतो. लेखकाने तो निवाडा घाईने देऊ नये.

५.४.२ प्रयोग आणि विभक्ती

‘त्याला मळमळते’ हे वाक्य आपण व्याकरणाच्या पुस्तकात भावकर्तरी प्रयोगाचे उदाहरण म्हणून पाठ केलेले आहे. त्यात स्वतंत्र कर्ता सापडत नाही. मळमळणे हा क्रियेचा भावच कर्त्याच्या जागी असतो आणि ज्याला मळमळते तो चतुर्थीत, एका कडेला उभा असतो. हे उदाहरण परीक्षेनंतर विसरले जाते. खरे तर या एका वाक्यात देहानुभवाविषयी मराठीने केलेला मोठा विचार आहे. भीती ‘मला वाटते’, थंडी ‘मला वाजते’, ठसका ‘मला लागतो’. मी काही करीत नाही. जे काही होते ते मला होते.

दुसऱ्या खर्ड्यातील रचना या दृष्टीने तपासा. ‘खुर्ची मागून उचलली गेली’ ही कर्मणी रचना आहे. उचलणारे यंत्र वाक्यात नाही. ‘मला पकडून ठेवले होते’ हा भावे प्रयोग. पकडणारा येथेही अनुपस्थित. ‘आत घेता येईना’ यात इच्छा आहे आणि शक्ती नाही. गाडी सुटल्यापासून थांबेपर्यंतच्या भागात लेखिका स्वतः होऊन एकच गोष्ट करते : ‘मी डोळे मिटले.’ येथे एक सावधगिरी हवी. प्रयोगाच्या दृष्टीने हेही कर्मणी वाक्यच आहे, कारण क्रियापद ‘डोळे’ या कर्माप्रमाणे चालते. तथापि अर्थदृष्ट्या करणारी ‘मी’ आहे. व्याकरणातील प्रयोग आणि अर्थातील कर्तेपण यांची गल्लत करू नये. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत ही गल्लत फार वेळा आढळते. पहिल्या खर्ड्यात मात्र सरकणे, झेपावणे, पळणे अशा क्रियांची गर्दी आहे आणि त्यातील ‘आम्ही झेपावलो’ हे तर सरळ असत्य आहे. कोणी झेपावले नव्हते, सर्वांना बांधलेले होते.

५.४.३ गोळा कोठे आला?

‘पोटात गोळा येणे’ हा वाक्प्रचार निर्जीव झाला आहे असे मानण्याचे कारण नाही. आकाशपाळणा वरून खाली येऊ लागला की शरीराचा भार क्षणभर कमी भासतो. एरवी आपल्या वजनाने खाली ओढले जाणारे पोटातील अवयव सैलावतात आणि काहीतरी छातीकडे चढल्यासारखे वाटते. ज्याने हा शब्दप्रयोग प्रथम केला, त्याने तो शरीराला विचारून केला असावा.

परंतु पालथ्या माणसाचे अवयव पायांकडे ओढलेले नसून पोटाच्या भिंतीकडे ओढलेले असतात. भार सुटला की त्यांची सैलावण्याची दिशा पाठीची असते. दुसऱ्या खर्ड्यातील लेखिकेने हे शास्त्र वाचलेले नाही. तिने वाक्प्रचार लिहिण्यापूर्वी जागा तपासली, एवढेच तिने केले. प्रस्तुत लेखकास या संपूर्ण खर्ड्यातील हे वाक्य सर्वांत मोलाचे वाटते. ‘गाद्यांच्या चवडी’ची उपमा वाचकांना अधिक आवडेल, आणि तीही खरी आहे. वळशाच्या तळाशी उताण्या प्रवाशाच्या पाठीवर खुर्चीचा दाब येतो, भार छातीकडून पाठीकडे सर्वत्र पसरतो. या दिशेचा भार शरीर डोक्याकडून पायांकडे येणाऱ्या भारापेक्षा अधिक सोसते. अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी उताणे असतात ते याच कारणाने. म्हणून तेथे डोळ्यांपुढे अंधारी येणे या वाक्प्रचारापेक्षा श्वास अडणे हेच अधिक नेमके ठरते.

सूर आणि मुटका यांचा उल्लेखही पाहा. उडत्या रोलर कोस्टरसाठी मराठीत शब्द नाही. पण ज्यांनी विहिरीत सूर मारला आहे त्यांच्यापाशी त्याचा अनुभव अर्धा आहेच. उपमा दूरच्या पक्ष्याकडून आणण्याऐवजी मामाच्या विहिरीतून आणली, तर वाचकाचे शरीर त्या वाक्यात उतरते.

स्वयं-अध्ययन प्रश्न २ : ‘काळजाचा ठोका चुकणे’, ‘अंगावर काटा येणे’, ‘हातपाय गळणे’, ‘घशाला कोरड पडणे’ यांपैकी कोणता अनुभव आपण प्रत्यक्ष घेतला आहे? तो शरीरात नेमका कोठे सुरू झाला व किती वेळ टिकला, ते तीन वाक्यांत लिहा.

५.५ मिटलेले डोळे

आता सर्वांत अवघड मुद्द्याकडे वळू. पहिल्या खर्ड्यात ‘मी आकाश डोळे भरून पाहिले’ असे वाक्य आहे. दुसऱ्यात आपणांस कळते की त्या वेळी डोळे मिटलेले होते. हे वाक्य का लिहिले गेले असेल? शिक्षिकेस कोणाची फसवणूक करावयाची नव्हती. मुलाने सुटी काढून, तिकीट काढून आईला तेथे नेले. आकाश दिसावे ही त्याची इच्छा होती. ‘हो’ हा शब्द त्याच्यासाठी उच्चारला गेला आणि त्यास आपण दोष देऊ शकत नाही. पण बोलण्यातील तो ‘हो’ लेखनात शिरला आणि त्याला निळेशार, नयनरम्य अशी विशेषणे चिकटली. विशेषणे कोठून आली? जे पाहिले नाही त्याचे वर्णन ऐकीव शब्दांनीच करावे लागते.

आणखी एक बाब लक्षात घ्या. आकाश न पाहिल्याने अनुभव उणा झाला का? पापण्यांतून आलेला लाल रंग, त्यावरून तोंडाची दिशा ओळखणे, हे डोळे उघडे ठेवणाऱ्या मुलाला मिळालेच नाही. ऑल्टन टॉवर्समधील ज्या कोस्टरचा उल्लेख वर आला, त्यावर २०१६ साली प्रवाशांच्या डोळ्यांवर आभासी दृश्य दाखविणारी उपकरणे चढविण्यात आली. शरीर इंग्लंडमधील बागेवरून जात असे आणि डोळ्यांना अंतराळ दिसे. ही योजना काही वर्षांतच मागे पडली. तिचे प्रवासी आपला अनुभव लिहावयास बसले, तर त्यांनी काय लिहावे, बाग की अंतराळ, हा प्रश्न वर्गात चर्चेस घ्यावा.

प्रौढ विद्यार्थ्यांच्या लेखनात या घटकाच्या संदर्भात एक संकोच वारंवार दिसतो. घाबरलो होतो, रडलो होतो, डोळे मिटले होते, हे लिहिणे वयाला व पदाला शोभत नाही असे वाटते. मुलांनी ते वाचले तर? हा संकोच खोटा नव्हे, तो घराघरांत आहे. त्यावर तोडगा असा की खर्डा प्रथम कोणालाही न दाखविण्यासाठी लिहावा. दाखवावयाचा की नाही, हे लिहून झाल्यानंतर ठरविता येते. अध्ययन केंद्रावरही असा खर्डा वाचून दाखविण्याची सक्ती केली जाणार नाही.

५.६ स्वाध्याय

१. दुसऱ्या खर्ड्यातील ‘तेव्हा गच्चीला कठडा होता’ या वाक्याचे कार्य स्पष्ट करा. हे वाक्य काढून टाकल्यास परिच्छेदात काय कमी होईल?

२. ‘देहानुभवाच्या लेखनात चतुर्थी विभक्तीचे स्थान’ या विषयावर सुमारे १५० शब्दांत टीप लिहा. उदाहरणे आपल्या बोलीतील असावीत.

३. पहिल्या खर्ड्यातील एकही वाक्य दुसऱ्या खर्ड्यात ठेवण्याजोगे आहे काय? असल्यास कोणते, व कोठे ठेवाल?

४. प्रकल्प : झोका, विहीर, घाटातील प्रवास, पहिले इंजेक्शन किंवा तोल गेल्याचा कोणताही प्रसंग निवडा. पहिला खर्डा सलग, न थांबता, २० मिनिटांत लिहा. किमान दोन दिवसांनी तो पुन्हा वाचा. आपण प्रत्यक्ष न पाहिलेल्या व न जाणवलेल्या गोष्टींवर रेघ मारा आणि उरलेल्या मजकुरावरून ३०० शब्दांचा दुसरा खर्डा तयार करा. दोन्ही खर्डे सोबत जोडावेत. पहिल्या खर्ड्यास गुण नाहीत. तो रेघांसह जसा असेल तसाच द्यावा.